कल्पनेतील मोटार आणि कळमनुरीचा रस्ता



मोटारीचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. इंजिन कोणी शोधले, चाकावर रबरी धाव कोणी चढविली, गाडीचा वेग कसकसा वाढत गेला, या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु मोटारीचा आणखी एक इतिहास आहे आणि तो तिच्या रूपाचा व हेतूचा आहे. गाडी अशीच का दिसावी, तिच्यात माणसे किती बसावीत, ती जमिनीपासून किती उंच असावी, कोणाच्या खिशाला परवडावी, हे प्रश्न आपण गाडी विकत घेण्यापूर्वी कित्येक वर्षे कोणीतरी सोडविलेले असतात. ते सोडविण्याचे एक विलक्षण साधन गेल्या शतकात निर्माण झाले. त्याला 'कन्सेप्ट कार' असे म्हणतात. आपण तिला कल्पनामोटार म्हणू. विकण्यासाठी नव्हे, तर दाखविण्यासाठी घडविलेली मोटार ती कल्पनामोटार.

या विषयाची चर्चा करताना मी हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे गाव डोळ्यांपुढे ठेवणार आहे. कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या मुलुखातील हे तालुक्याचे गाव. भोवती काळी जमीन. पावसाळ्यात चिखल धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मोटारींच्या प्रदर्शनाशी या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, गाडीची कल्पना ज्या दालनात जन्मास येते आणि ज्या रस्त्यावर गाडीला आपले आयुष्य काढावयाचे असते, त्या दोहोंतील अंतर मोजावयाचे झाल्यास मोजपट्टीचे दुसरे टोक अशाच एखाद्या गावी रोवावे लागते.

मराठवाड्यात सार्वजनिक मोटारवाहतूक तशी जुनीच. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या आधिपत्याखाली १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्याजवळ २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. त्या गाड्या स्कॉटलंडातील अल्बियन कारखान्याच्या होत्या. तेथील कारागिराच्या मनात हैदराबाद संस्थानचा उतारू असण्याचे काही कारण नव्हते. गाडी येई, उतारू तिच्याशी जुळवून घेई. गाडीने उतारूशी जुळवून घ्यावे, ही अपेक्षाच त्या काळी कोणाच्या मनात उद्भवली नसेल.

नेमक्या त्याच दशकात अमेरिकेत निराळी घडामोड चालली होती. जनरल मोटर्स या कंपनीने १९२७ साली केवळ रूप आणि रंग यांचा विचार करणारे एक स्वतंत्र खाते उघडून ते हार्ली अर्ल नावाच्या कल्पक गृहस्थाच्या स्वाधीन केले. तोपर्यंत गाडीचा सांगाडा यंत्रज्ञ ठरवीत आणि त्यावर कवच चढविले जाई. अर्लने मातीचे नमुने घडविण्याची पद्धत रूढ केली. मूर्तिकाराने शाडूची मूर्ती घडवावी, त्याप्रमाणे पूर्ण आकाराची मोटार चिकण द्रव्यात घडवावयाची, तिच्याभोवती फिरून पाहावयाचे, एखादी रेघ खटकली तर पात्याने खरवडून काढावयाची. पत्र्यावर साचा मारल्यानंतर चूक सुधारणे अत्यंत महाग पडते. मातीत ती अर्ध्या दिवसात सुधारते. ही साधी गोष्ट मोटारीच्या अभिकल्पनाचा पाया ठरली.

याच खात्यातून १९३८ साली 'ब्यूक वाय-जॉब' ही गाडी बाहेर पडली. आधुनिक अर्थाने पहिली कल्पनामोटार म्हणून बहुतेक इतिहासकार तिचाच निर्देश करतात. तिचे दिवे झाकणाआड लपत, काचा विजेवर खालीवर होत, बाजूच्या पायऱ्या अजिबात नव्हत्या आणि गाडी जमिनीलगत लांबच लांब पसरलेली होती. ती विक्रीस कधीच निघाली नाही. स्वतः अर्ल मात्र ती रस्त्यावर हिंडवीत असे आणि पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटते याकडे लक्ष ठेवी. महायुद्धानंतरच्या गाड्यांत तिच्या कित्येक खुणा उतरल्या.

कल्पनामोटारीचे पहिले कार्य यावरून ध्यानात येते. ती लोकांना विचारलेला एक प्रश्न असते. 'उद्या अशी गाडी निघाली तर तुम्हास रुचेल काय?' हा प्रश्न शब्दांनी विचारून भागत नाही. कारण जी वस्तू पाहिली नाही तिच्याविषयी मत देणे माणसाला जमत नाही. दुसरे कार्य कारखान्याच्या आत घडते. दररोजच्या हिशेबात गुंतलेल्या यंत्रज्ञाला क्षणभर किमतीचे आणि नियमांचे जोखड उतरवून विचार करण्याची मुभा मिळते. तिसरे कार्य प्रतिष्ठेचे. आमच्या हातात एवढे कसब आहे, हे जगापुढे मांडण्याची ती एक रीत आहे.

प्रश्नाला उत्तर मिळाले तर गाडी किती त्वरेने रस्त्यावर येते, याचे उदाहरण 'कॉर्व्हेट'. १९५३ च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली. लोकांनी तिच्याभोवती गर्दी केली आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यात ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. उलटपक्षी, विमानासारख्या इंजिनावर धावणारी त्याच कंपनीची 'फायरबर्ड' ही गाडी प्रदर्शनातच राहिली. तिच्या आकाराने डोळे दिपले, परंतु सामान्य माणसाने ती वापरावी कशी, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

आता आपण महाराष्ट्राकडे वळू. येथे कल्पनेतील मोटारीचा इतिहास एखाद्या बलाढ्य कंपनीपासून नव्हे, तर इचलकरंजीच्या एका माणसापासून सुरू होतो. यंत्रमागांच्या त्या गावी शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे होते. पण हातात यंत्र बोलत असे. त्यांची पहिली दोन आसनांची गाडी १९४९ साली तयार झाली. पुढे पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले आणि एकामागून एक नमुने घडवीत राहिले. ती गाडी 'मीरा' या नावाने ओळखली गेली. तिची किंमत सुमारे १२ हजार रुपये ठेवता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

'मीरा' कारखान्यात कधीच गेली नाही. १९५१ च्या कायद्यानंतर मोटारीचे उत्पादन करावयाचे तर सरकारी परवाना हवा, आणि परवान्यामागे भांडवल हवे. अर्लच्या पाठीशी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती. कुलकर्ण्यांच्या पाठीशी त्यांची चिकाटी तेवढी होती. कल्पना कितीही सकस असली तरी तिला मूर्त रूप देणारी संस्था नसेल तर ती एका अंगणातच उभी राहते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. 'गाडी कोणासाठी?' हा प्रश्न त्यांनी आपल्याकडे सर्वांआधी विचारला होता आणि त्याचे उत्तरही त्यांच्यापाशी स्पष्ट होते.

हाच प्रश्न पुन्हा जोराने पुढे आला तो पुण्यास. टाटांच्या पुण्यातील संशोधन केंद्राने 'इंडिका' ही मोटार सिद्ध केली. तिच्या बाह्यरूपाच्या कामी इटलीतील तुरीन येथील एका संस्थेचे साहाय्य घेतले होते. १९९८ च्या आरंभी दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि वर्षअखेर विक्रीस निघाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००० साली, याच कंपनीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'आरिया' नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची देखणी गाडी मांडली. ती विकावयाची नव्हतीच. हिंदुस्थानातील कारखाना मालमोटारींपलीकडेही पाहू शकतो, हे युरोपला सांगणे हाच तिचा हेतू. पुढे २०१० साली 'आरिया' हे नाव एका सर्वस्वी निराळ्या, मोठ्या कुटुंबाच्या गाडीला दिले गेले. कल्पनामोटारीतून कित्येकदा नावापलीकडे काहीही उरत नाही, ते असे.

मग आली 'नॅनो'. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत तिचे दर्शन झाले आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत ती विक्रीसाठी जाहीर झाली. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब भिजत चालले आहे, हे दृश्य रतन टाटांच्या मनात रुतले आणि त्यातून लाख रुपयांच्या गाडीची कल्पना निघाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्या अभिकल्पनात काटकसरीची बुद्धी जागोजागी दिसे. इंजिन मागे, त्यामुळे पुढची जागा माणसांना मोकळी; दोनच सिलिंडर; काच पुसणारा हात एकच; चाकाला तीनच नट. गाडी बाहेरून लहान आणि आतून ऐसपैस. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे काम थोर होते, याविषयी दुमत नाही.

तरीही ही गाडी अपेक्षेप्रमाणे खपली नाही आणि दहा वर्षांत तिचे उत्पादन संपुष्टात आले. कारणे अनेक सांगतात. बंगालमधील सिंगूरहून गुजरातेतील साणंदला कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या घटनांचा बोभाटा झाला. परंतु मुख्य कारण मानवी स्वभावात होते. 'सर्वांत स्वस्त' ही तिची कीर्तीच तिच्या मुळावर आली. स्कूटर सोडून मोटार घेणारा माणूस केवळ पावसातून सुटका मागत नाही; तो गावात आपली पत वाढवू पाहतो. दारात उभी केलेली वस्तू आपली गरिबी पुकारते, असे वाटले की तो ती घेत नाही. मातीचा नमुना रेघ दाखवितो, गाडीची लांबी दाखवितो. ग्राहकाचा स्वाभिमान दाखवीत नाही.

याच पुण्याच्या यंत्रज्ञांनी चार वर्षे आधी केलेली दुसरी कामगिरी या संदर्भात ताडून पाहण्यासारखी आहे. २००५ साली त्यांनी 'एस' ही छोटी मालगाडी बाजारात आणली. ती सिद्ध करणाऱ्या पथकाचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते आणि पुढे 'नॅनो'चेही काम त्यांनीच पाहिले. 'एस' आखण्यापूर्वी कंपनीची माणसे तीनचाकी हाकणाऱ्यांत जाऊन बसली आणि त्यांना काय हवे ते विचारू लागली. चौथे चाक असेल तर लग्नाच्या बाजारात आपला भाव वाढेल, असे एका चालकाने सांगितल्याची गोष्ट त्या काळच्या उद्योगवृत्तांत प्रसिद्ध आहे. यात विनोद नाही. अभिकल्पकाला मिळालेला तो सर्वांत मौल्यवान धडा होय. 'एस'ला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले आणि २०१७ च्या अखेरीपर्यंत अशा २० लाख गाड्या विकल्या गेल्या. कंपनीने ठेवलेले नाव बाजूला सारून लोक जेव्हा एखाद्या गाडीला आपले नाव देतात, तेव्हा तिची कल्पना लोकांची झाली, असे खुशाल समजावे.

कळमनुरीच्या उतारूला अधिक जवळचे उदाहरण मराठवाड्यातच घडले. बजाज कंपनीने ३ जानेवारी २०१२ रोजी 'आरई-साठ' हे चारचाकी वाहन दिल्लीत दाखविले. रिक्षाच्या जागी टप असलेले, दारे असलेले, हलके वाहन ठेवावे ही तिची कल्पना. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून जवळच असलेल्या वाळूजच्या कारखान्यात ते 'क्यूट' या नावाने तयार होऊ लागले आणि २०१५ पासून परदेशी रवाना झाले. पण स्वदेशात त्याची वाट अडली. मोटार म्हणावी तर ती मोटारीच्या नियमांत बसेना. रिक्षा म्हणावी तर चाके चार. कायद्याच्या पुस्तकात अशा वाहनाला घरच नव्हते. न्यायालयातील वाद मिटून २०१८ साली त्याचा स्वतंत्र वर्ग मान्य झाला, तोपर्यंत सहा वर्षे उलटली होती. नवी कल्पना यंत्रज्ञाला सुचून भागत नाही. ती राज्यकर्त्यांनाही सुचावी लागते.

अलीकडे दाखविलेली गाडी आणि विकलेली गाडी यांतील अंतर पुष्कळ कमी झाले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटांनी 'एच-फाइव्ह-एक्स' ही कल्पनामोटार मांडली. वर्षभरात, जानेवारी २०१९ मध्ये, तीच 'हॅरियर' म्हणून विक्रीस आली. त्याच वेळी दाखविलेली 'फॉर्टी-फाइव्ह-एक्स' ही २०२० साली 'अल्ट्रोज' झाली. दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली तर काय गळून पडते ते कळते. प्रदर्शनातील प्रचंड चाके लहान होतात, आरशाच्या जागी बसविलेले कॅमेरे जाऊन पुन्हा आरसे येतात, बारीक दिवे जाड होतात. नियम, खर्च, पत्रा दाबण्याच्या यंत्राची मर्यादा आणि रस्त्यावरचे खड्डे हे चार कारागीर मूळ अभिकल्पकाच्या कामावर अखेरचा हात फिरवितात. हा ऱ्हास आहे असे मला वाटत नाही. मूर्ती देवळात बसविताना तिला उंबऱ्यातून आत यावेच लागते.

तात्पर्य काय? कल्पनामोटार ही श्रीमंती थाटाची करमणूक आहे, असे म्हणून तिला मोडीत काढणे योग्य नव्हे. तिच्यावाचून मोटार आजही पायऱ्यांचे खोकेच राहिली असती. परंतु जो प्रश्न ती विचारते, त्याचे मोल तो कोणास विचारला यावर अवलंबून असते. जिनिव्हाच्या दालनात मिळालेली दाद खरी असते, पण ती दाद देणारा माणूस कळमनुरीहून नांदेडला निघालेला नसतो. कळमनुरीचा माणूस काळी-पिवळीत दाटीने बसतो, टमटममध्ये पोती लादतो, बाजाराच्या दिवशी एकाच वाहनात माणसे, भाजी आणि शेळी नेतो. वाहनाचा असा वापर कोणत्याही अभिकल्पकाने आखून दिलेला नाही. गरजेने तो घडविला आहे. खरे पाहता ती काळी-पिवळी हीच त्या मुलुखाने स्वतः घडविलेली कल्पनामोटार होय. तिच्यात सुरक्षितता नाही, सुख नाही. पण लोकांना काय हवे याचा अचूक आराखडा मात्र आहे.

तो आराखडा वाचणारी दृष्टी पुण्यात आहे, वाळूजमध्ये आहे. कौशल्य तर आहेच. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे गाडीची बांधणी पुन्हा मुळापासून बदलू लागली आहे. इंजिनाची जागा रिकामी झाली, सपाट तळ मिळाला, आणि शंभर वर्षांपूर्वी अर्लपुढे होता तसा कोरा मातीचा गोळा अभिकल्पकापुढे पुन्हा आला आहे. या वेळी तो गोळा घडविताना कोणाला समोर बसवावयाचे, एवढेच ठरवावयाचे आहे. तो निर्णय एकदा साच्यात उतरला म्हणजे पुढची वीस वर्षे कळमनुरीच्या रस्त्यावरील उतारूला त्याच निर्णयात बसून प्रवास करावा लागेल.