पास्काची रात्र : पुनरुत्थान सणाचा गाभा

ख्रिस्तसभेच्या उपासनावर्षात पुनरुत्थानाहून श्रेष्ठ सण नाही. नाताळची तारीख ठरलेली असते, ईस्टर मात्र चंद्राबरोबर चालतो. 21 मार्च रोजी अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान येतो.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी पवित्र सप्ताह उघडतो. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाच्या मिस्सामध्ये पाय धुण्याचा विधी होतो. 2016 पासून त्यात स्त्रियांनाही स्थान आहे. उत्तम शुक्रवारी मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. त्या दिवशी देवालयात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या रात्री मात्र तीच गर्दी ओसरलेली दिसते, याची आम्हाला खंत वाटते.

वास्तविक सणाचा गाभा शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी हाच आहे. पूर्वी कित्येक शतके तो शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये त्याला पुन्हा रात्रीची वेळ दिली. आता तो अंधार पडल्यावरच सुरू करावा व पहाटेपूर्वी संपवावा, असा नियम आहे. बाहेर नवा अग्नी पेटतो. पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, अल्फा व ओमेगा ही अक्षरे आणि चालू वर्षाचे अंक कोरतात. तिच्या ज्योतीवरून भाविकांच्या मेणबत्त्या पेटत जातात आणि अंधारे देवालय हळूहळू उजळते.

त्यानंतर नऊ वाचने असतात, त्यांतील सात जुन्या करारातील. अडचण असल्यास ती सात कमी करता येतात. परंतु इस्राएल लोक समुद्रातून पार झाले, हे निर्गमाचे वाचन कधीही गाळता येत नाही. आमच्या मते येथेच आपण घाई करतो. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या परिसरात मराठी, कोकणी, तमिळ, मल्याळम बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. सगळी वाचने इंग्रजीत झाली, तर नगर जिल्ह्यातून आलेल्या आजीच्या पदरी काय पडते? वाचने भाषांमध्ये वाटून घ्यावीत आणि निर्गमाचे वाचन मराठीत व्हावे, अशी आमची सूचना आहे. लहान मुलांना घेऊन रात्री उशिरा परतणे कठीण, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी शेजाऱ्यांनी एकमेकांना गाडीत जागा द्यावी.

'ग्लोरिया'च्या वेळी घंटा वाजतात, संपूर्ण उपवासकाळात न गायलेला आलेलुया परततो. पाणी आशीर्वादित होते, नवदीक्षितांना स्नानसंस्कार मिळतो आणि सर्वजण आपल्या स्नानसंस्काराची वचने नव्याने उच्चारतात.

अंडी कशासाठी, असे मुले विचारतात. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, ती सणाला पुन्हा ताटात येत. शिवाय बंद कवचातून पिल्लू बाहेर येते, तसा प्रभू कबरेतून उठला, असाही अर्थ लावतात. मार्झिपानची रंगीत अंडी हा अलीकडचा गोडवा, त्यास आमची हरकत नाही.

सण एका दिवसात संपत नाही, तो पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. तोवर पास्काची मेणबत्ती वेदीजवळ असते. पुढे ती स्नानकुंडाजवळ ठेवतात. बाळाच्या स्नानसंस्कारावेळी ती पेटवतात आणि अंत्यविधीच्या वेळी शवपेटीजवळही तीच तेवत असते.