उखळ, वाल आणि गोळ्यांचा डबा

पेण आणि रोहा हे जुन्या कुलाबा जिल्ह्यातले शेजारी तालुके. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच्या मागेपुढे आमचं ताटही बदललं, पण ते कोणी लिहून ठेवलं नाही.

आमचं ताट तीन जागांहून भरायचं. खाडीकडे खारेपाटात खारं पाणी सोसणारा भात, मधल्या सपाटीवर गोड्या पाण्याचा भात आणि डोंगरात नाचणी-वरी. डोंगरावर कातकरी, ठाकूर मंडळी दळीच्या जमिनी कसायची. पावसाच्या तोंडावर त्यांच्या बाया शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन बाजाराला उतरायच्या. शेवळं घेतली की सोबत काकडं घ्यायचीच, नाहीतर घसा खवखवलाच म्हणून समजा.

भात घरीच घिरटावर भरडायचा आणि उखळात सडायचा. कोंड्याचा थोडा अंश दाण्यावर राहायचा, भात तांबूस व्हायचा. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा तेव्हा वर्ध्याकडेच होते. पण गावात गिरणी आली आणि उखळ पडवीच्या कोपऱ्यात गेलं. आजी म्हणायची, "बरं झालं बाबा, खांदे सुटले." तिचं खरंच होतं. पहाटे उठून मुसळ मारणाऱ्या बाईला हातसडीचं कौतुक कोणी सांगावं? गिरणीने बायांचे कष्ट वाचवले आणि त्याच फेऱ्यात दाण्यावरचा कोंडाही नेला. त्या कोंड्यातच तंतू आणि ब-१ जीवनसत्त्व असतं.

भाताचा जोडीदार वाल. कापणी झाली की जमिनीतल्या ओलीवर वाल टाकायचे. वर पाणी नाही, दवावर पीक यायचं. मोड आणून, सोलून बिरडं व्हायचं. भातात जे कमी ते वालात असतं, म्हणून दोन्ही मिळून अंगी लागतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. पुढे रोहा-कोलाडकडे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्याचं पाणी आलं. जिथे ते पोचलं तिथे उन्हाळी भात उभा राहिला आणि वाल बांधाकडे सरकला. दोन पिकांचे पैसे हातात आले, त्याला वाईट कसं म्हणायचं? पण ताटात भातावर भातच वाढला.

आता आमच्या आळीत घरटी गोळ्यांचा डबा दिसतो, साखरेचा नाहीतर रक्तदाबाचा. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा आला : देशात १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांत शंभरामागे अकराहून जास्त. पांढरा भात लवकर पचून रक्तात साखर चढवतो. डाळ, पालेभाजी, नाचणी यांतले तंतू ती चढण सावकाश करतात. शिवाय पूर्वी चिखलणी-लावणीत अंग मोडायचं. आता भात तेवढाच आणि काम खुर्चीवरचं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. पावसाळ्याच्या अखेरीस कणग्या रिकाम्या व्हायच्या आणि पेजेवर दिवस काढावे लागायचे. आणि आम्ही निव्वळ शाकाहारीही नव्हतो. वालात मूठभर सुकट, जवळा पडायचाच. त्याचंही मोल होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या गावांतल्या गरोदर बाया आणि पुढे त्यांची मुलं तपासली. पुष्कळ आयांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व धान्य-भाजीत मिळत नाही. मासे, अंडी, दूध यांतून येतं. ते कमी आणि फोलेट जास्त, अशा आयांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणं अधिक दिसली. तेव्हा ताट झाडपाल्याने भरावं हे खरं, पण माळकऱ्याने दूध-ताक सोडू नये आणि बी-१२ तपासून घ्यावं.

उखळ परत आणा, असं कोणी म्हणत नाही. गिरणीवाल्याला "पॉलिश कमी मार" एवढं सांगता येतं. भाताचा एक डाव कमी घ्यावा, बिरड्याचा एक जास्त. आठवड्यात दोनदा नाचणीची भाकरी करावी. बाजारात कातकरणीच्या टोपलीपुढे थांबावं आणि भाव पाडू नये. ज्याची गोळी चालू आहे त्याने ती डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नये. आणि दोन गुंठ्यांत का होईना, वाल टाकावा. त्याला पाणी लागत नाही, बियाणं मात्र घरात शिल्लक हवं.