छापखाना आपला झाला, मग आवाजाचं काय?



एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरं पावतीपुस्तकं घेऊन वर्गणीला निघतात. मंडप, लायटिंग, डीजे, आणि अलीकडे त्यात ‘आपलं गाणं’ हा खर्च वाढला आहे. गेल्या वर्षी आमच्याकडच्या पोरांनी एका स्टुडिओत तासावर पैसे मोजून गाणं केलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. नंतर एका कडव्यातली चूक दुरुस्त करायला मूळ ट्रॅक मागितले, तर ‘ते आम्ही देत नसतो, परत तास बुक करा’ असं उत्तर मिळालं. महिन्याभराने तेच गाणं भलत्याच नावाने भलत्याच चॅनेलवर वाजत होतं. पोरं चिडली. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण हा अनुभव आपल्या समाजाला जुना आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. शाहू महाराजांनी पत्राला अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे ‘बहिष्कृत भारत’च्या काळात बाबासाहेबांनी भारतभूषण छापखाना उभा केला. लेखणी आपली आणि छापखाना दुसऱ्याचा असेल तर शेवटचा शब्द छापखान्याचा राहतो, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं. छापील शब्दाबाबत चळवळीने हा धडा गिरवला. आवाजाबाबत गिरवला नाही, असं माझं म्हणणं आहे.

त्याला कारणंही होती. आवाज धरून ठेवणारं यंत्र आपल्या आवाक्यात कधीच नव्हतं. कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव होऊ लागले; गाणी, संवाद, फार्स असा रात्रभराचा कार्यक्रम. तीन मिनिटांच्या तबकडीत तो मावणार कसा? आणि कुणाचा गळा तबकडीवर जाणार हे कंपनी ठरवणार. जलसा ऐकणाऱ्यांच्या आठवणीत राहिला, यंत्रात फारसा आला नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. त्यांची कितीतरी गाणी वहीपेक्षा दुसऱ्या गायकांच्या गळ्यातच जास्त टिकली.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली, पण आपल्याकडे तिचा खरा पूर आला तो १९८० च्या दशकात. टेपरेकॉर्डर झोपडीत पोचला, कॅसेटची नक्कल करायला कारखाना लागत नव्हता, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या स्टॉलवरून घराघरांत गेले. माझ्या पिढीने बाबासाहेब आधी कॅसेटमधून ऐकले, पुस्तकातून नंतर वाचले. पण मालकी? मला भेटलेल्या बहुतेक जुन्या गायकांची कहाणी एकच आहे: एकदाच हातावर रक्कम, कागद वाचून न दाखवता सही, आणि पुढे कॅसेट कितीही खपली तरी आपला संबंध संपला. गीतकाराचं नाव तर कव्हरवर असेल तर असेल. ऐकणारे आपण, गाणारे आपण, आणि मूळ टेप तिसऱ्याच्या कपाटात.

याच काळात जगात दुसरीकडे काय घडत होतं ते पाहण्यासारखं आहे. १९७९ मध्ये टॅस्कमचा पोर्टास्टुडिओ आला: साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक, घरबसल्या. १९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना आणि कॉम्प्युटरला एकमेकांशी बोलण्याची सामाईक भाषा. १९८५ च्या अटारी एसटी या तुलनेने स्वस्त कॉम्प्युटरला मिडीची खाच मुळातच होती. रोलंडचं टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आपटलं, १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आणि ते जुन्या बाजारात पडेल भावाने मिळू लागलं. ज्यांना ते परवडलं त्या अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतल्या पोरांनी त्यावर हिप-हॉप आणि हाउस संगीत घडवलं. पुढे पूर्व लंडनच्या सरकारी वसाहतींतल्या काळ्या पोरांनी फ्रूटीलूप्स हे सॉफ्टवेअर, आणि कॉम्प्युटर नसेल तर चक्क प्लेस्टेशनवरची ‘म्युझिक २०००’ ही डिस्क वापरून ग्राइम उभं केलं. ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. त्यांच्याकडून टाकाऊ यंत्रावर हक्क सांगण्याची ही कला मात्र आपण घेतली नाही.

आता ती घ्यायला अडचण काय? ऑफिसं भंगारात काढतात तो डेस्कटॉप पुरतो. चार जीबी रॅमवर काम निघतं, आठ असेल तर निवांत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की म्हातारं यंत्रही पळतं. ऑडॅसिटी २००० पासून मोफत आहे. एलएमएमएस आणि आर्डर ही सॉफ्टवेअरं मुक्त परवान्याची आहेत, लिनक्सवर चालतात. चोरीची कॉपी टाकून व्हायरसने अख्खा डेटा घालवलेली पोरं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. विकत घ्यायचं ते एवढंच: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. स्पीकरची घाई नको. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तर गायकाच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगा, पंखा बंद करा, शेजारच्या कुकरची वेळ टाळा.

नवशिका अडतो तो उशिरावर. माइकमध्ये गायलेलं कानात मागाहून येतं आणि ताल सुटतो. त्याचं गणित सोपं आहे. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो आणि त्यांचे गठ्ठे करून पुढे ढकलतो. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असेल तर एका गठ्ठ्यालाच सुमारे २३ मिलिसेकंद जातात, २५६ चा केला तर सहाच्या आत. गाताना गठ्ठा लहान ठेवा, मिक्सिंग करताना मोठा करा. यंत्र दमायला लागलं की तयार ट्रॅक साध्या ऑडिओत उतरवून घ्या, म्हणजे इफेक्टचं ओझं कमी होतं. १६ बिटचा एकेरी ट्रॅक मिनिटाला साधारण पाच एमबी जागा घेतो. तीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं एका जुन्या पेनड्राइव्हवर मावतं.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, कॉम्प्युटरमुळे जलशाचा जीव जाईल. पेटीसुद्धा युरोपातूनच आली होती, आणि जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात स्वतःचा विचार ओतला होता. त्यांच्या शंकेत एक गोष्ट मात्र खरी आहे. मी चाळलेल्या फुकट ध्वनिसंग्रहांत तबला हवा तेवढा सापडला, हलगी जवळपास नाही. हलगीचा इतिहास आपल्याला बोचतो. गावकीचं सक्तीचं काम म्हणून ती मांगवाड्याच्या, काही भागांत महारवाड्याच्या गळ्यात होती. सक्ती झुगारली हे योग्यच झालं. पण तो नाद दुसऱ्या कुणी रेकॉर्ड करून आपल्यालाच विकण्याआधी आपण तो टिपायला हवा. एक माइक, एक हलगी, हळू-जोरात असे वीस-पंचवीस ठोके, आणि आपला संग्रह तयार.

कायदाही तोंडपाठ हवा. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सही करूनही काढून घेता येत नाही. हे स्टुडिओत पाय ठेवण्याआधी पोरांना सांगणारं कुणी वस्तीत असतं का?

एक काम मात्र नमुना म्हणून डोळ्यांपुढे आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. जे कॅसेटच्या कव्हरवर गीतकाराला मिळालं नाही, ते जात्यावर बसणाऱ्या बाईला तिथे मिळालं.

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत आता एक जुना डेस्कटॉप आला आहे. चार गोधड्या जमल्या आहेत, इंटरफेसची वर्गणी चालू आहे. पहिलं रेकॉर्डिंग जयंतीच्या गाण्याचं नाही. वस्तीतल्या एका आजींना भीमाच्या ओव्या येतात. त्यांचं म्हणणं, दुपारी लाइट जाते, सकाळी या. रविवारी सकाळी जाणार आहोत.