संदेशवहनाचा इजारा

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारच्या हाती ठेवला, आणि दूरध्वनी, भ्रमणध्वनी व इंटरनेट ही पुढची सारी साधने त्याच अधिकाराच्या छत्राखाली वाढली. मुंबईत १८८२ साली खाजगी कंपनीचे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले होते हे खरे. पण तो व्यवसायही परवान्यावर चाले, आणि १९४३ साली तो सरकारने ताब्यात घेतला. म्हणून या बाजारपेठेचा इतिहास शोधणाऱ्याने व्यापाऱ्यांच्या वह्यांआधी सरकारी दप्तर उघडले पाहिजे. कारण स्पर्धा कोणात आणि कोणत्या अटींवर व्हावी, हे येथे बहुधा इजारा वाटणाऱ्यानेच ठरविले आहे.

इजारा अखंड होता तोवर ग्राहक हा केवळ अर्जदार होता. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा शंभर माणसांमागे एकही दूरध्वनी पुरता भरत नव्हता, आणि सुमारे २५ लाख अर्ज प्रतीक्षायादीत पडून होते. ज्याला मोठी आगाऊ रक्कम परवडे तो ‘ओवायटी’ (‘ओन युवर टेलिफोन’) योजनेखाली रांगेत पुढे सरके. इतरांनी वर्षानुवर्षे वाट पाहावी, किंवा पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रात्रीच्या सवलतीच्या दराची वेळ गाठावी.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवर संभाषण केले, आणि नवे युग सुरू झाले. देशाची परवाना-क्षेत्रांत, म्हणजे सर्कलांत, वाटणी झाली. मुंबई वेगळी राहिली, उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे एक सर्कल झाले, आणि प्रत्येक ठिकाणी दोनच खाजगी कंपन्यांना जागा ठेवण्यात आली. परवान्यांसाठी लावलेल्या भरमसाट बोली पेलेनात, फीची थकबाकी साचली, आणि आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत असल्याने ग्राहक फोन उचलण्यापूर्वी विचार करू लागला. १९९९ च्या धोरणाने ठरावीक फीऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची तजवीज केली. २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉम स्वस्त दर घेऊन उतरली. आणि मे २००३ पासून येणारे कॉल विनामूल्य झाले, तेव्हा कुठे भ्रमणध्वनी भाजीवाल्याच्या नि रिक्षावाल्याच्या हाती आला.

ब्रॉडबँडच्या बाबतीत मात्र दरवाजा अर्धाच उघडला. सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांनाही वापरू द्याव्यात, ही दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २००४ सालची शिफारस सरकारने स्वीकारली नाही. त्यामुळे घरोघर पोचलेल्या तारेवर चढाओढ झालीच नाही, आणि बहुसंख्य भारतीयांस इंटरनेट भेटले ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर.

२००८ च्या परवानावाटपाने एकेका सर्कलमध्ये दहाबारा कंपन्यांची गर्दी केली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिलेले १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये नव्याने उतरलेल्या जिओने आरंभीचे महिने फुकट सेवा देऊन डेटाचे दर कोसळविले. त्या लाटेत एअरसेल दिवाळखोरीत निघाली, टाटांचा ग्राहकवर्ग एअरटेलकडे गेला, आणि व्होडाफोन व आयडिया २०१८ साली एक झाल्या. त्यातच ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने महसुलाच्या व्याख्येत दूरसंचाराबाहेरचे उत्पन्नही धरले, आणि १९९९ साली ज्या हिश्श्याने कंपन्यांना तारले तोच त्यांच्यावर प्रचंड थकबाकी होऊन बसला. अखेर व्होडाफोन आयडियाच्या काही देण्यांचे भागभांडवलात रूपांतर होऊन सरकार तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले.

आज डेटा स्वस्त आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु स्वस्ताई हे स्पर्धेचे फळ असले तरी तिची कसोटी नव्हे. ती कसोटी ग्राहकाच्या निघून जाण्याच्या मोकळिकीत आहे. जानेवारी २०११ मध्ये देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, तो हक्क मोलाचा आहे; पण जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोनचार दिवसांच्या आत दर वाढविले, तेव्हा त्या हक्काने जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. काही महिने ग्राहकांचा ओघ सरकारी बीएसएनएलकडे वळला. परंतु तिचे फोर-जीचे जाळे तेव्हा देशभर उभे नव्हते, आणि तो ओघ टिकला नाही. सरकारी कंपनी वेळीच सज्ज करणे हे सरकारच्याच हाती होते. ज्याने इजारा वाटला, त्यानेच ग्राहकासाठी जाण्याजोगी दुसरी जागा राखली पाहिजे. हे कर्तव्य १८८५ च्या अधिकाराइतकेच जुने आहे, आणि ते आजही पुरे झालेले नाही.