उकळलेली सिरिंज, लाखेचं सील

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडच्या एका बाजूला सीपीआर रुग्णालय आणि समोर जुनं कोर्ट. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांना ही रचना फार सोयीची होती. आरोपीला रात्री सीपीआरमध्ये तपासायला आणत, आणि वर्ष-दीड वर्षानं तपासणारा डॉक्टर साक्षीसाठी नुसता रस्ता ओलांडून येई. आम्ही वकील मंडळी गाड्यावर चहा पिता पिताच बघायचो, आज कोणते डॉक्टर आले आहेत. मी या कोर्टात ऐंशीच्या दशकात पाऊल ठेवलं आणि ड्रायव्हरांच्या केसेस माझ्याकडे अशा येत गेल्या की बाररूममध्ये मला ‘बाटली वकील’ म्हणू लागले. ती बाटली दारूची नव्हे, रक्ताच्या नमुन्याची.

दारू प्यायलेल्याला वाचवतोस, लाज नाही वाटत का, हे नातेवाइकांकडून ऐकून झालं आहे. त्याचं उत्तर या खटल्यांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास रस्त्यावर सुरू झालेला नाही. आमच्याकडे ड्रायव्हरच्या रक्तातली दारू मोजायला सुरुवात झाली ती अपघात टाळायचे म्हणून नव्हे. ती झाली दारूबंदीसाठी.

मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यात दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं हा गुन्हा होता, पण अट अशी की नशा इतकी हवी की गाडीवर ताबाच ठेवता येऊ नये. आता ताबा सुटला हे सिद्ध कसं करायचं? गाडी झाडावर आदळली तरच. सरळ रेषेत चालवून घरी पोचलेला माणूस, कितीही प्यायलेला असो, त्या कलमात अडकवणं कठीण होतं.

मग १९४९ साल आलं. १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाई गृहमंत्री. आता दारू पिणं हाच गुन्हा झाला, कलम ६६(१)(ब). ताबा सुटला की नाही हा प्रश्नच निकालात निघाला. पोलिसांच्या दृष्टीनं ड्रायव्हरविरुद्ध हे कलम केव्हाही सोपं. वर्दीतली वाक्यंही ठरून गेली: तोंडाला दारूचा उग्र वास येत होता, डोळे लालसर होते, बोलताना अडखळत होता, चालताना झोकांड्या खात होता. माझ्या उमेदीच्या काळातल्या वर्दींतही हीच चार वाक्यं याच क्रमानं असत. जिल्ह्यातले सगळे दारुडे जणू एकाच तालमीत तयार झालेले.

या कायद्याखालच्या ड्रायव्हरांवरच्या खटल्यांना पहिला मोठा धक्का दिला तो एका आरटीओनं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात दारूबंदी कायद्याचा काही भाग रद्द ठरवला होता. अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर बंदी घालता येणार नाही, असा तो निकाल. त्याला चार दिवस झाले नाहीत तोच, २९ मे रोजी, बेहराम पेसिकाका यांच्या जीपनं मुंबईत तिघांना धडक दिली. पेसिकाका कोण, तर मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. इतरांना लायसन देणारा माणूस! त्यांच्या तोंडाला वास येत होता. त्यांचं म्हणणं, मी दारू प्यायलो नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकात १७ टक्के अल्कोहोल असायचा. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, प्रकरण दिल्लीला गेलं आणि १९५४ मध्ये घटनापीठानं सांगितलं की पोटातला अल्कोहोल औषधातला नव्हता, बंदी असलेल्या दारूतलाच होता, हे सरकारनं सिद्ध करायचं. आरोपीनं नव्हे. पेसिकाका सुटले.

सरकारची झालेली पंचाईत लक्षात घ्या. वासावरून दारू कळते, पण टॉनिक की हातभट्टी हे कुठल्या डॉक्टरला कळणार? मग १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघाला, तर तो औषधातलाच होता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकली. शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, हा तो आकडा. नॉर्वेनं असा आकडा १९३६ मध्येच ठरवला होता हे खरं, पण इंग्लंडनं ड्रायव्हरांसाठी ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती १९६७ मध्ये. म्हणजे ज्यांच्याकडून आपण कायदा शिकलो त्यांच्या आठ वर्षं आधी मुंबई राज्यात रक्त मोजलं जात होतं. कारण मात्र रस्त्यावरच्या माणसाचा जीव नव्हतं. गृहखात्याला टॉनिकवाल्यांचा बंदोबस्त करायचा होता.

त्या दुरुस्तीबरोबर वैद्यकीय तपासणी आणि रक्तपरीक्षेचे नियम आले, आणि बचावाच्या वकिलाचं खरं काम तिथून सुरू झालं. आमचे सिनिअर हे नियम तोंडपाठ म्हणत. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेली हवी. दंडाची कातडी निर्जंतुक पाण्यानंच पुसायची, रक्त काढताना स्पिरिटचा कुठेही स्पर्श नको. किमान पाच सीसी रक्त. ते गोठू आणि नासू न देणारं औषध असलेल्या बाटलीत ओतून बाटली जोरात हलवायची. वर लेबल, बुचाला लाख, लाखेवर डॉक्टरचा शिक्का. आणि हे सगळं सात दिवसांच्या आत तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोचलं पाहिजे. सिनिअर म्हणायचे, “प्रत्येक वाक्यापुढं डॉक्टरला एक प्रश्न विचारायचा. आवाज चढवायचा न्हाई.”

नियम वाचताना किचकट वाटतात, पण प्रत्येकामागे कारण आहे. कातडी स्पिरिटनं पुसली तर तोच अल्कोहोल नमुन्यात उतरू शकतो. नासू नये म्हणून घालायचं औषध नसेल आणि बाटली उन्हाळ्यात ठाण्याच्या कपाटात राहिली, तर रक्त आंबतं आणि आंबताना अल्कोहोल तयार होऊ शकतो. शुद्धीत असलेल्या माणसाचं रक्त बाटलीत झिंगतं, म्हणा ना. आमच्या काळात नमुने पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जात, एखादा कॉन्स्टेबल एसटीनं घेऊन जाई. आता कोल्हापुरातच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे.

या बाटलीचा दाखला देणारा खटला खानदेशातला. १९६१ मध्ये धुळ्याच्या रस्त्यावर मोटार उलटली. अमळनेरच्या मॅजिस्ट्रेटसमोर चाललेला हा उखा कोल्हे खटला १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. रक्तात अल्कोहोल असल्याचा अहवाल होता. पण रक्त घेतल्यापासून रासायनिक परीक्षकाकडे जाईपर्यंत ती बाटली कुणाच्या ताब्यात होती, कशी ठेवली होती, याचा समाधानकारक पुरावा नव्हता. सेशन्स कोर्टानं फेरखटल्याचा हुकूम दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरकारला आपल्या पुराव्यातली भोकं बुजवायला दुसरी संधी देण्यासाठी फेरखटला नसतो, हा त्यातला धडा. त्यानंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात दारूच्या केसमध्ये पहिला प्रश्न तोच: बाटली कुठं होती?

रक्तच घेतलं नाही अशाही केसेस भरपूर. एक ड्रायव्हर मला चांगला आठवतो. मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून निघालेला ट्रक, हातकणंगल्याच्या अलीकडे अडवला. अपघात नाही, काही नाही. डॉक्टरनं फॉर्मवर लिहिलं: वास आहे, चाल अस्थिर. सिनिअरांनी उलटतपासणीत डॉक्टरला फार छळलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांना एवढीच विनंती केली की आरोपीला पिंजऱ्यातून दारापर्यंत चालवून बघावं. हा गडी लंगडत गेला, लंगडत आला. लहानपणी उसाच्या गाडीखाली पाय सापडला होता. साहेबांनी नोंद केली की आजही चाल तशीच आहे. जोडीला बच्चूभाई करियानी खटल्याचा १९७१ चा निकाल होता, त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की रक्त-लघवीची तपासणी नसताना नुसता वास, डळमळती चाल, विस्फारलेली बुबुळं यांवरून माणूस नशेत होता असं धरता येत नाही. निर्दोष सुटला. बाहेर आल्यावर म्हणाला, “वकीलसाहेब, घेतली होती, पर थोडी.” सिनिअर म्हणाले, “हे आत बोलला न्हाईस हे बरं केलंस. आता ट्रक चालवायच्या आधी घेऊ नकोस.”

ट्रकवाल्याला दंडाची भीती नसे, लायसनची असे. शिक्षा झाली की कोर्ट त्याला लायसन बाळगायला अपात्र ठरवू शकतं, आणि मग चूल बंद. मोटारवाल्याची चिंता वेगळी: पेपरात नाव येईल का?

१९८८ चा मोटार वाहन कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि खेळ बदलला. नवं कलम १८५. सुरुवातीला त्यात रक्तात अल्कोहोलचं कितीही कमी प्रमाण असलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीनं ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली, आणि ती श्वासाच्या चाचणीनं मोजायची असं ठरलं. आता नळीत फुंकर मारायची, यंत्रावर आकडा येतो. दर ३१ डिसेंबरला तावडे हॉटेल, शिये फाटा, रंकाळा इथे पोलीस उभे असतात आणि पन्हाळ्याहून उतरणारी पोरं ओळीनं फुंकतात. दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजतो. “काका, खोकल्याचं औषध घेतलं होतं.” बाळा, पेसिकाका सुटले ते दारूबंदी कायद्याखाली. १८५ ला अल्कोहोल कुठल्या बाटलीतून आला याच्याशी कर्तव्य नाही, आकडा तेवढा बघतात.

या कलमात बचाव उरला आहे तो यंत्रापुरता. यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली, पावतीवर वेळ आहे का, चूळ भरू दिली का, अटक केल्यावर दोन तासांच्या आत डॉक्टरसमोर नेलं का. कलम २०२ सांगतं की नेलं नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. पण हे विचारायला आरोपी थांबत नाही. १८५ चा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, कोर्टात यावंच लागतं, आणि आला की कबुली देऊन मोकळा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांपर्यंत गेला. तरीही लोक खटला चालवत नाहीत. तारखा कोण करणार?

जिथं माणूस मेलेला असतो तिथं मात्र सगळं वेगळं. अशा केसमध्ये मी फी जास्त घेतो असं लोक म्हणतात, ते खरं आहे. मयताच्या बायकोच्या समोरून रोज कोर्टात जायचं असतं, तिच्या नजरेला नजर देऊन. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवण्याच्या ३०४-अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फूटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, त्या आलिस्टर परेरा खटल्यात रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघाला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली, तेव्हापासून दारू आणि मृत्यू एकत्र आले की पोलीस ते मोठं कलम लावायला बघतात. सलमान खानच्या खटल्यात २०१५ मध्ये हायकोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, त्यात रक्त काढलं किती आणि प्रयोगशाळेत पोचलं किती या तफावतीवरही बोट ठेवलं. लोक संतापले. मला विचाराल तर संताप बाटली नीट न सांभाळणाऱ्यांवर हवा होता. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीखाली दोघं गेले आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की एवढ्याशा बाटलीला सील का लागतं. वकिलानं बाटलीबद्दल प्रश्न विचारले की गुन्हेगार सुटतो म्हणतात. प्रश्न विचारलेच नाहीत तर गरिबाची बाटली खरी धरली जाते आणि श्रीमंताची बदलली जाते. माझी वकिली याच एका वाक्यावर चालली.

१८ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या कोर्टाच्या आवारात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सहा महिन्यांच्या शिक्षेसाठी पूर्वी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला कोण जाणार, म्हणून ड्रायव्हर जिल्ह्यातला निकाल शेवटचा मानायचे. आता तसं राहिलेलं नाही. तेव्हा तिथं उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलांना एक काम सांगतो. महाराष्ट्रात आज दोन मापं चालतात: दारूबंदी कायद्याला ५० मिलिग्रॅम, मोटार कायद्याला ३०. दारू प्यायला लागणारा परमिटचा कागद आणि १९५९ चे नियमही तसेच आहेत, उकळत्या पाण्यातल्या सिरिंजसकट, जरी दवाखान्यात आता एकदाच वापरायची सुई असते. रक्ताच्या नमुन्याचा एकच नियम, एकच माप आणि बाटली हातोहात कुणाकडे गेली याची एकच छापील नोंदवही असावी, यासाठी एखादी याचिका करा. पहिली सही माझी घ्या.