किल्ली नसलेले कुलूप

आमच्या दिवाणखान्यात एक पितळी पेटी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तिला घड्याळ समजतो आणि मग बुचकळ्यात पडतो. कारण तिच्यात एक सोडून तीन घड्याळे आहेत आणि तिन्हींच्या तबकड्यांवर बारा आकडे नसून शून्यापासून ७२ पर्यंत आकडे आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी ती घेतली तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते, की हे जहाजावरचे यंत्र आहे. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, वेळ दाखवत नाही ते घड्याळ घेतलंत कशाला?" उत्तर शोधणे भागच होते.

पेटी नीट न्याहाळली. मागे स्क्रूंची चार भोके, खाली सरकणारी एक जाड पट्टी. म्हणजे हे दाराला बसवायचे कुलूप असावे. पण किल्लीचे भोक कुठेच नाही! तबकड्यांपाशी खुंट्या होत्या, त्या घड्याळाला चावी देण्याच्या. चावी दिली की तबकडी वरच्या आकड्यांकडे फिरते आणि मग टिकटिक करीत तासाला एक या गतीने शून्याकडे परत येते.

दुसरी खूण काचेची. पेटीच्या झाकणाला काच आहे. काचेचे कुलूप चोरापुढे कोण ठेवील? तेव्हा ही पेटी दाराच्या आतल्या अंगाला असणार, आणि दार एकदा लागले की मालकाचाही हात तिथे पोचत नसणार. तिसरी खूण ७२ या आकड्याची. शनिवारी दुपारी १२ वाजता अर्ध्या दिवसाची बँक बंद केली आणि सोमवारी सुट्टी आली, तर मंगळवारी सकाळी ८ पर्यंत ६८ तास होतात. हिशेब जुळला. ही पेटी म्हणजे बँकेच्या तिजोरीचे टाइम लॉक! भरलेले तास संपेपर्यंत ती दाराचे अडसर मागे सरकू देत नाही. आकड्यांचे कुलूप वेगळे असतेच, पण तास संपण्याआधी ते आकडे माहीत असूनही उपयोग नाही.

आपल्याकडे किल्ली म्हणजे अधिकार. सासूने किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला, की घर सोपवले. मग हक्काच्या माणसालाच बाहेर ठेवणारे हे कुलूप कुणाला सुचले आणि का?

कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या जेडबर्ग गावचा बँकेचा एजंट विल्यम रदरफर्ड याने १८३१ मध्येच अशा कुलपाचे पेटंट घेतले होते. पण बाजारात चालेल असे कुलूप केले ते रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटने, १८७३ मध्ये. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या मॉरिसन गावच्या बँकेत ते बसले. तोवर आकड्यांची कुलुपे इतकी सुधारली होती, की ती फोडण्यापेक्षा आकडे जाणणाऱ्या माणसाला फोडणे दरोडेखोरांना सोपे वाटू लागले होते.

त्याचे भयंकर उदाहरण म्हणजे मॅसॅच्युसेट्समधले नॉर्थॅम्प्टन. जानेवारी १८७६ मध्ये मध्यरात्री बुरखेधारी माणसे कॅशियर जॉन व्हिटल्सी यांच्या घरात शिरली आणि त्यांनी घरच्यांना बांधून ठेवले. व्हिटल्सींनी आधी खोटे आकडे सांगितले. चोरांनी तेच पुन्हा म्हणायला लावले, आणि लबाडी उघडी पडली. मग छळ करून खरे आकडे काढून घेतले आणि १२ लाख डॉलर्सहून अधिक रकमेची रोकड व रोखे लुटून नेले. बँकेत टाइम लॉक असते, तर त्या रात्री त्यांच्याकडून काढून घेण्यासारखे काहीच नव्हते. कुलपाला धमकी ऐकू येत नाही.

तीन घड्याळे कशासाठी, हे माझ्यातल्या इंजिनियरला लगेच उमगले. एकच घड्याळ असेल आणि ते बंद पडले, तर बँकच बाहेर! इथे तिन्हींपैकी कोणतेही एक शून्यावर आले तरी पट्टी सुटते. प्रत्येक घड्याळ शंभरात एकदा बंद पडते असे धरले, तर तिन्ही एकदम बंद पडणे दहा लाखांत एकदा. अर्थात एकच घड्याळ पुढे धावले तरी दार लवकर उघडणार. पण तो धोका त्यांनी पत्करला. मात्र संध्याकाळी चावी देणाऱ्यानेच चुकीचे तास भरले, तर तिन्ही मुकाट्याने चुकतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हाच अनुभव येतो.

या कुलपाचे संरक्षण मात्र सकाळपर्यंतच. ७ सप्टेंबर १८७६ रोजी भर दुपारी जेसी जेम्सची टोळी मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या बँकेत शिरली. कॅशियरच्या जागी काम पाहणारे जोसेफ ली हेवूड म्हणाले, तिजोरीला टाइम लॉक आहे, उघडता येणार नाही. खरे तर त्या वेळी तिजोरीला कुलूपच लावलेले नव्हते! कुणी हात लावून पाहिले नाही. हेवूड शब्दाला चिकटून राहिले आणि गोळी घालून मारले गेले. टोळीच्या हाती लागले २६ डॉलर ७० सेंट.

माझा एक मित्र या देशात नवा आला तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करीत असे. काउंटरवर पाटी होती: 'इथल्या कारकुनाला तिजोरी उघडता येत नाही.' त्याला ती वर्षानुवर्षे सलत होती. "मालकाचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते जगाला सांगायला त्याने पाटी लावली होती," असे तो म्हणे. परवा जेवायला आला तेव्हा त्याला ही पेटी दाखवली आणि व्हिटल्सी व हेवूड यांची हकीकत सांगितली. तो बराच वेळ त्या तबकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ती पाटी माझ्यासाठी होती तर."

मी घड्याळांना चावी दिली, आणि आम्ही जेवायला बसलो.