नदीच्या भिंतीवरचा इतिहास

इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेय येथील महागुरू सेरेनस यांनी आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडून टाकल्या. लोक त्यांची पूजा करू लागले आहेत, ही त्यांची चिंता होती. परमगुरू ग्रेगरी पहिले यांनी त्यांना जी पत्रे लिहिली, त्यांचा हवाला कलेचे इतिहासकार आजही देतात. पूजेला आळा घालण्याची महागुरूंची तळमळ परमगुरूंनी मान्य केली. मोडतोड मात्र मान्य केली नाही. वाचू शकणाऱ्याला ग्रंथ जे देतो, तेच अक्षरशत्रू माणसाला भिंतीवरचे चित्र देते, असा त्या पत्रांचा आशय होता.

पुढे कित्येक शतके युरोपातील चर्चच्या भिंती या अर्थाने शाळाच होत्या. पण त्या शाळेचा अभ्यासक्रम वरून ठरत असे. गावचा शेतकरी भिंत पाही. तिच्यावर काय असावे, हे त्याला कोणी विचारीत नसे. सामान्य माणसाच्या हाती कुंचला देऊन ‘तुझा इतिहास तूच मांड’ असे म्हणण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. या प्रयोगाचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात आहे. तेथील एका काँक्रीटच्या ओढ्यात सुमारे अर्धा मैल लांबीचे भित्तिचित्र असून ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजलिस’ या नावाने ते ओळखले जाते.

या चित्राचे मूळ शेजारच्या मेक्सिकोत आहे. तेथील क्रांतीची धामधूम शमल्यावर १९२१ साली होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. देशातील बहुसंख्य जनता निरक्षर होती. वास्कोन्सेलोस यांनी शाळा आणि ग्रंथालये काढली, त्याचबरोबर सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेरोस ही तीन नावे त्यातून पुढे आली. यांपैकी सिकेरोस १९३२ साली लॉस एंजलिसला आले असता ओल्वेरा स्ट्रीट या जुन्या मेक्सिकन वस्तीतील एका इमारतीवर चित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले. विषय होता उष्ण कटिबंधातील अमेरिका. काम देणाऱ्यांना झाडे, वेली आणि रंगीबेरंगी पक्षी हवे होते. सिकेरोस यांनी मधोमध क्रूसावर खिळलेला एक आदिवासी काढला आणि क्रूसाच्या माथ्यावर अमेरिकेचा गरुड बसवला! चित्राचा रस्त्यावरून दिसणारा भाग वर्षाच्या आतच पांढऱ्या रंगाखाली गेला. काही वर्षांत सारे चित्रच पुसले गेले. पण पांढरा रंग उन्हापावसाने झिजतो. पुढे चाळीसएक वर्षांनी त्याखालून आकृती पुन्हा डोकावू लागली. रीतसर जतन होऊन २०१२ साली ते चित्र लोकांसाठी खुले झाले.

ग्रेट वॉलच्या जननी ज्युडिथ बाका यांचा जन्म १९४६ साली लॉस एंजलिस येथेच एका मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात झाला. आई कारखान्यात कामाला जाई. सांभाळ केला तो आजी फ्रान्सिस्का यांनी. घरची भाषा स्पॅनिश, आणि शाळेत ती बोलण्यास बंदी. इंग्रजी न समजणाऱ्या या मुलीला शिक्षिका वर्गाच्या कोपऱ्यात चित्रे काढीत बसू देत. पुढे त्या कलाशाखेच्या पदवीधर झाल्या आणि ज्या कॅथलिक शाळेत शिकल्या होत्या, तेथेच शिक्षिका म्हणून लागल्या. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्यांना इतर काही सहकाऱ्यांसह तेथून काढण्यात आले. विश्वविद्यालयातील आपली चित्रे त्यांनी आजीला दाखवली तेव्हा, हे सारे कशासाठी, असे त्या वृद्धेने विचारले, अशी हकिकत बाका यांनी अनेकदा सांगितली आहे. कलेच्या प्राध्यापकांना न सुचलेला प्रश्न आजीला सुचला, हे मला विशेष वाटते.

१९७० साली शहराच्या उद्यान विभागात त्या नोकरीला लागल्या. बॉइल हाइट्स या भागात तरुणांच्या टोळ्यांची वैरे होती. भिंतीवर लिहिलेली नावे म्हणजे प्रत्येक टोळीची हद्द. एका हद्दीतील मुलाने दुसरीत पाऊल टाकणे जिवावर बेतत असे. बाका यांनी हेरले की, ही मुले भिंतीवर लिहितात याचा अर्थ त्यांना काही सांगायचे आहे. चार टोळ्यांतील वीस जणांना त्यांनी एकत्र आणले आणि होलेनबेक उद्यानातील वाद्यमंचाच्या कमानीवर चित्र काढले. बाहू पसरून बसलेली एक आजी, एवढाच त्याचा विषय. काम चालू असताना वैरी टोळी येत नाही ना, हे पाहायला टेहळणीला माणसे बसवावी लागत.

नदीचे प्रकरण निराळे. १९३८ च्या महापुरानंतर लॉस एंजलिसच्या नद्या-ओढ्यांना काँक्रीटच्या नाल्यांत कोंडण्यात आले. पूर थांबले, नद्याही संपल्या. सान फर्नांडो खोऱ्यातील टुहुंगा ओढ्याच्या सुशोभनासाठी सैन्याच्या अभियंता विभागाने १९७४ साली बाका यांना विचारले. त्या उघड्याबोडक्या नाल्यात बाका यांना भूमीच्या अंगावरील व्रण दिसला आणि त्या व्रणावर गोंदण काढावे तसे हे चित्र त्यांना सुचले. कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण पाठ्यपुस्तकात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा.

१९७६ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. त्याच वर्षी बाका यांनी दोन मैत्रिणींसह ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली होती. तिचे कार्यालय व्हेनिस भागातील जुन्या पोलीस ठाण्यात थाटले गेले, हाही एक योगायोग. पहिल्या उन्हाळ्यात ८० मुले, १० चित्रकार आणि ५ इतिहासकार कामाला होते. मुलांपैकी बरीचशी बालन्यायालयाच्या वाटेने आलेली. त्यांना कामाचा मोबदला मिळे. एका उन्हाळ्यात १,००० फूट भिंत रंगली. नंतर १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ या उन्हाळ्यांत तिच्यात भर पडत गेली. एकूण लांबी २,७५४ फूट, उंची १३ फुटांहून अधिक, आणि हात लागले चारशेहून अधिक मुलांचे.

या कामाची खरी शाळा रंग लावण्यापूर्वी भरे. इतिहासकार येऊन व्याख्याने देत, वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपल्या जात, त्यावर चर्चा होई, आणि मग रेखाटन. कृष्णवर्णीय मुलाने जपानी कुटुंबाच्या छळछावणीचा प्रसंग रंगवायचा, मेक्सिकन मुलीने ज्यू निर्वासितांचा. एरवी ही मुले एकमेकांच्या गल्लीत गेली नसती. येथे भर उन्हात तापलेल्या नाल्याच्या तळाशी त्यांना एकाच पाण्याच्या डब्यातून कुंचले धुवावे लागत.

आणि भिंतीवर काय आहे? आरंभी चुमाश आदिवासींची सृष्टिकथा. मग १७८१ मधील शहराची स्थापना: वसाहत करणारे अवघे ४४ जण, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांत आफ्रिकी रक्त होते. स्वतःला गोऱ्यांनी वसवलेले समजणाऱ्या शहराला ही माहिती पचायला जड गेली असल्यास नवल नाही. पुढे १८७१ चे चिनी हत्याकांड, ज्यात जमावाने किमान १८ चिन्यांना ठार केले. १९३० च्या मंदीत आगगाड्यांत भरून मेक्सिकोला पाठवलेले लोक. १९४२ च्या सरकारी आदेशाने घरदार सोडावे लागलेले सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे अमेरिकन. शावेझ रव्हीन या वस्तीतील गरीब मेक्सिकन कुटुंबे १९५९ पर्यंत हुसकावली गेली आणि तेथे बेसबॉलचे मैदान उभे राहिले. चित्रात ते मैदान आकाशातून उतरणाऱ्या परग्रहावरील यानासारखे आहे. शेजारीच महामार्गाचे विळखे एका कुटुंबाला विभागताना दिसतात. मला या भिंतीवरील सर्वांत बोलका भाग हाच वाटतो.

सारीच भिंत उच्च कोटीची कला आहे, असे म्हणता येणार नाही. पहिल्या हजार फुटांत वेगवेगळ्या चित्रकारांच्या शैली एकमेकींशी फटकून वागतात. १९७७ मध्ये बाका मेक्सिकोत सिकेरोस यांच्या कार्यशाळेत शिकून आल्या. त्यानंतरच्या भागांत रचनेला एकसंधपणा आणि ओघ आला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पाठ्यपुस्तकाने एक बाजू लिहिली म्हणून भिंतीने दुसरी लिहावी काय? माझे मत असे की, भिंत पाठ्यपुस्तकाची जागा घ्यायला निघालेली नाही. त्यातील गाळलेली पाने ती जोडते आहे.

आपणा कॅथलिकांना येथे थोडे अवघडल्यासारखे होईल. सान फर्नांडो या खोऱ्याला नाव मिळाले ते १७९७ साली स्थापन झालेल्या फ्रान्सिस्कन मिशनवरून. त्या मिशनांत आदिवासींनी श्रद्धा स्वीकारली, तशीच सक्तीची मजुरी, फटके आणि साथीच्या रोगांनी आलेले मरणही सोसले. मिशनांचे आद्य संस्थापक हुनिपेरो सेरा यांना २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले, तेव्हा अनेक आदिवासींनी निषेध केला. संताच्या धर्मनिष्ठेविषयी आदर बाळगूनही त्या निषेधाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. आपल्या वसईत आणि गोव्यात पोर्तुगीज राजवटीच्या स्मृतीशी आपले नाते असेच दुहेरी आहे.

बाका यांच्या चित्रांना विरोधही झाला. बाल्डविन पार्क येथील रेल्वेस्थानकावर त्यांनी १९९३ मध्ये कमान उभारली. ‘ते’ येण्यापूर्वी हे गाव बरे होते, अशा अर्थाचे एक वाक्य तिच्यावर कोरले आहे. ‘ते’ कोण, हे मुद्दामच सांगितलेले नाही. ते उद्गार मुळात एका गोऱ्या रहिवाशाने मेक्सिकन लोकांविषयी काढले होते. २००५ साली स्थलांतरितांच्या विरोधकांनी ते गोऱ्यांविरुद्धचे मानून निदर्शने केली, शिलालेख काढण्याची मागणी केली. गावातील लोक कमानीच्या बाजूने उभे राहिले आणि ती जागच्या जागी राहिली.

ऊन आणि पाणी यांनी फिकट झालेल्या ग्रेट वॉलचा जीर्णोद्धार २०११ मध्ये पूर्ण झाला. २०१७ साली तिचा समावेश राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत झाला. १९५० च्या दशकावर येऊन थांबलेली कथा पुढे नेण्यासाठी २०२१ मध्ये मेलन फाउंडेशनने ५० लाख डॉलर दिले. २०२३ च्या ऑक्टोबरपासून काही महिने लॉस एंजलिसच्या कलासंग्रहालयात पुढचे भाग प्रेक्षकांसमोरच रंगवले जात होते. त्यांतील एकाचा विषय होता १९६० च्या दशकातील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची चळवळ, जिच्यातून स्वतः बाका घडल्या.